मुल्हेरचा किल्ला : उगम, राजधानी आणि पडझड

नाशिक जिल्ह्यातल्या मोसम नदीच्या खोऱ्यात सर्वांत वर मुल्हेर, त्याखाली ताहाराबाद, मग नामपूर आणि शेवटी मालेगाव. मालेगावजवळ मोसम गिरणेला मिळते. या खोऱ्याचा राजकीय इतिहास नदीच्या उलट दिशेने, म्हणजे खालून वर वाचावा लागतो, कारण बागलाण मुलखाची सत्ता ज्याच्या हाती असे तो बसे वरच्या टोकाला, मुल्हेरच्या डोंगरावर. डोलबारीच्या रांगेतला हा डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच आहे. त्याच्या पूर्वेला मोरा आणि पश्चिमेला हरगड. तिन्ही माथे एकमेकांना इतके लगत आहेत की लष्करी दृष्टीने तो एकच किल्ला धरावा. मधला मुल्हेर हा मुख्य, आणि बाजूचे दोन त्याचे राखणदार. आज तिथे कमानी ढासळलेले दरवाजे, छप्पर गेलेला राजवाडा, तळी, टाकी आणि दोन-तीन चांगली देवळे एवढे उरले आहे.

हा किल्ला कोणी बांधला, असा प्रश्न गावोगाव विचारला जातो आणि त्याला तयार उत्तरेही आहेत. मयूरध्वज नावाच्या पुराणातल्या राजाचे हे नगर, म्हणून डोंगर मयूरगिरी, असे एक उत्तर. बागलाणच्या बागुल राजांनी तो बांधला, असे दुसरे. पहिल्याला कसलाही पुरावा नाही. दुसरे निम्मे खरे आहे. सह्याद्रीतल्या जुन्या डोंगरी किल्ल्यांना बहुधा एक बांधणारा नसतो. मुहूर्त करून पाया घातला, बांधकाम पुरे झाले आणि राजा राहायला गेला, असा क्रम शिवकालातल्या काही गडांना लागू पडतो, मुल्हेरला पडत नाही. इथे आधी डोंगर राबता झाला, मग अडचणीच्या वेळचा आसरा झाला, मग ठाणे आणि सगळ्यांत शेवटी राजधानी. या प्रत्येक पायरीचा पुरावा वेगळ्या जातीचा आहे आणि तो वेगवेगळाच तपासला पाहिजे.

पहिला पुरावा दगडाचा. सारा बागलाण दख्खनच्या बेसाल्टवर वसलेला आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक साचत गेले. त्यातले काही कठीण, काही भुसभुशीत. पावसाने भुसभुशीत थर झिजून मागे सरकले, कठीण थर कड्यांसारखे उभे राहिले. त्यामुळे इथल्या डोंगराची बाजू सरळ उताराची नसून पायऱ्यापायऱ्यांची असते: खाली झाडीचा उतार, त्यावर कडा, कड्याच्या डोक्यावर रुंद सपाटी, तिच्या मागे पुन्हा कडा आणि वर माथा. मधली सपाटी म्हणजे माची, वरचा माथा म्हणजे बालेकिल्ला. मुल्हेरची माची ऐसपैस आहे. एक छोटे नगर मावेल एवढी. कड्याने तीन चतुर्थांश तटाचे काम फुकट करून ठेवले होते. माणसाने तट घातला तो जिथे कडा तुटलेला होता किंवा घळ वर चढत होती तेवढ्याच ठिकाणी, आणि वाट जिथून वर येते तिथे एकामागून एक दरवाजे उभे केले.

युरोपातल्या किल्ल्यांशी इथला फरक याच जागी दिसतो. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, तेव्हा सपाट मुलखात वचक बसवण्यासाठी त्यांना डोंगरच तयार करावा लागला. मातीचा उंच ढिगारा घालायचा, त्यावर लाकडी बुरूज उभारायचा आणि पायथ्याला कुंपण घातलेले आवार ठेवायचे, अशी त्यांची रीत होती. यॉर्कचा असा किल्ला १०६८ साली उभा राहिला, त्याचा लाकडी बुरूज ११९० मध्ये जळाला आणि आज दिसतो तो दगडी बुरूज तेराव्या शतकातला आहे. तिथे ढिगारा हाच किल्ल्याच्या जन्माचा दाखला, कारण तो माणसाने रचला आणि केव्हा रचला ते सांगता येते. मुल्हेरला असा दाखला मागणे व्यर्थ. इथे माणसाने पहिल्यांदा जे केले ते रचण्याचे नव्हे, कोरण्याचे काम होते.

कोरले ते पाणी साठवण्यासाठी. डोंगरमाथ्यावर झरा असेलच असे नाही, आणि फेब्रुवारीनंतर बागलाणातले ओढे आटतात. पावसाळ्याचे पाणी वर्षभर पुरवायचे तर कातळात टाकी खोदण्याला पर्याय नव्हता. बालेकिल्ल्यावर अशी टाकी ओळीने खोदलेली आहेत. टाक्यातून निघालेला दगड वाया जात नसे. तोच घडवून तटाला, जोत्याला, दरवाजाच्या खांबांना वापरीत. म्हणून डोंगरी किल्ल्यावर टाके आधी आणि तट नंतर, हा क्रम जवळजवळ ठरलेला. टाक्यांचे वय मात्र नेमके सांगणे कठीण. छिन्नीच्या घावावर सन लिहिलेला नसतो, आणि एकच टाके पाच-सहाशे वर्षे उपसत, साफ करीत, वाढवीत वापरले जाते. समोरच्या मांगी-तुंगीच्या सुळक्यांत जैन लेणी कोरलेली आहेत. या खोऱ्यात कातळ कोरणारे हात मध्ययुगाच्या आधीपासून होते, एवढे त्यावरून म्हणता येते. मुल्हेरची पहिली टाकी त्याच हातांनी खोदली असतील, पण हे अनुमान आहे.

पाणी झाले. पण या डोंगरावर माणसाने वर्षभर राहावे याला कारण हवे, आणि ते कारण खालून जाणारा रस्ता हे होते. सुरत बंदरातून दख्खनकडे आणि बऱ्हाणपुराकडे जाणारे माल-रस्ते बागलाणच्या बाऱ्यांतून, म्हणजे खिंडींतून, किंवा त्यांच्या कडेने जात. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्न्ये सुरतेहून गोवळकोंड्याला गेला, त्याच्या मार्गाच्या यादीत नवापूर, पिंपळनेर आणि त्यानंतर ‘निंपूर’ हे मुक्काम आहेत. हे निंपूर म्हणजे नामपूर, असे त्याच्या प्रवासवर्णनाच्या अभ्यासकांनी मानले आहे. बैलांचे तांडे ज्या वाटेने जातात त्या वाटेवरचा डोंगर ज्याच्या ताब्यात, त्याला जकातही मिळते आणि संरक्षणाचे दामही मिळतात. बागलाणचे राज्य लहान असूनही तीनशे वर्षे टिकले त्याचे मोठे कारण या जकातीत आहे. गुजरात, खानदेश आणि दख्खन या तीन सत्तांच्या मधोमध ते बसले होते आणि तिघांनाही त्याच्या बाऱ्यांची गरज पडे.

आता लिखित पुरावा. अलाउद्दीन खिलजीच्या फौजांनी १२९९ साली गुजरात घेतला, तेव्हा अणहिलवाड्याचा राजा कर्ण वाघेला पळून बागलाणात आला आणि देवगिरीच्या रामदेवराव यादवाच्या आश्रयाने काही वर्षे तिथे राहिला. पुढे त्याची मुलगी देवलदेवी दिल्लीला नेली गेली आणि अमीर खुसरोने तिच्यावर काव्य रचले, म्हणून हा प्रसंग प्रसिद्ध झाला. किल्ल्याच्या दृष्टीने त्यातला तपशील एवढाच महत्त्वाचा की गादी गेलेल्या राजाला वर्षानुवर्षे तग धरता येईल अशी दुर्गम ठाणी बागलाणात तेव्हा होती. मुल्हेरचे नाव मात्र त्यात येत नाही.

ते येते झियाउद्दीन बरनीच्या तवारिखेत. महंमद तुघलकाच्या कारकिर्दीत, १३४५ च्या सुमारास, गुजरातच्या अमिरांनी बंड केले. बंड मोडल्यावर काही जण मुल्हेर आणि शेजारचा साल्हेर या डोंगरांचा प्रमुख मानदेव याच्या आश्रयाला आले. मानदेवाने त्यांना आसरा देण्याऐवजी पकडले आणि त्यांच्याजवळची रोकड व जवाहीर काढून घेतले. आतिथ्याच्या दृष्टीने ही गोष्ट फारशी शोभादायक नाही, पण इतिहासाच्या दृष्टीने मोलाची आहे. चौदाव्या शतकाच्या मध्यावर मुल्हेर आणि साल्हेर एकाच धन्याच्या हाती होते, दिल्लीच्या तवारिखकाराला ते नावाने माहीत होते आणि त्यांचा धनी सुलतानाच्या पळालेल्या अमिरांना लुटण्याइतका निर्ढावलेला होता. किल्ला त्या आधीच उभा होता, हे यावरून उघड आहे. किती आधी, हे या पुराव्यातून निघत नाही.

त्यानंतरच्या नोंदी तुटक असल्या तरी एकमेकींना जुळतात. फिरिश्ता सांगतो की १३७० च्या सुमारास थाळनेरच्या मलिक राजा फारुकीने बागलाणच्या बहर्जीला खंडणी द्यायला लावली. बहर्जी हे एका राजाचे नाव नसून बागलाणच्या गादीवर बसणाऱ्याचा किताब होता. त्यामुळे मुसलमानी तवारिखांत एकच बहर्जी दोनशे वर्षे जगल्यासारखा दिसतो. १४२९ मध्ये अहमदशहा बहमनीने हा मुलूख उजाड केला आणि तांबोळ्याच्या किल्ल्याला हात घातला, पण तो त्याला घेता आला नाही. लहान राज्याचा निभाव कसा लागत होता याचे हे चांगले उदाहरण आहे: खालची गावे जळाली तरी वरचे किल्ले शाबूत, आणि फौज परतली की राज्य पुन्हा चालू.

या राज्याचे बागुल राजे आपल्या उगमाविषयी काय सांगत? त्यांच्या दरबारी रुद्रकवी नावाचा पंडित होता. त्याने नारायणशहाच्या आज्ञेवरून शके १५१८ मध्ये, म्हणजे १५९६ साली, ‘राष्ट्रौढवंश महाकाव्य’ हे वीस सर्गांचे संस्कृत काव्य रचले. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत ते १९१७ साली छापून प्रसिद्ध झाले. शिवपार्वतींच्या द्यूतप्रसंगात वंशाच्या मूळपुरुषाचा जन्म, मग कनोजचे राज्य, मग पिढ्यान्‌पिढ्यांचा प्रवास करीत मयूरगिरीवर येणे, असा त्यातला क्रम आहे. आश्रयदात्याच्या कुळाला देवांपर्यंत नेऊन पोचवणे हे दरबारी कवीचे कामच होते. काव्याचा शेवटचा भाग, म्हणजे कवीच्या डोळ्यांसमोरच्या दोन-तीन पिढ्यांचा, विश्वसनीय आहे. आरंभीच्या भागाला किल्ल्याच्या उत्पत्तीचा दाखला मानता येणार नाही. काव्य आणि पहिले राजे यांच्यात जवळजवळ तीन शतके आहेत.

शहाजहानच्या दरबाराचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने बागुलांचा दावा आणखी ताणून लिहून ठेवला आहे. बहर्जीचे पूर्वज बागलाणात चौदाशे वर्षे राज्य करीत होते आणि ते कनोजच्या राजा जयचंद राठोडाच्या वंशातले होते, असे तो म्हणतो. या दोन विधानांचा मेळ बसत नाही. जयचंद ११९४ मध्ये लढाईत मारला गेला. लाहोरी लिहीत होता त्या १६३८ पर्यंत साडेचारशे वर्षेही भरत नाहीत. शिवाय जयचंद गाहडवाल कुळातला. त्याला राठोड ठरवणे हे पुढच्या काळातल्या वंशावळीकारांचे काम. पिढ्यांचा हिशेब मागे मोजत गेले तर बागुलांची सत्ता तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सांध्यावर सुरू होते. यादवांचे राज्य ढासळत होते आणि सीमेवरच्या ठाणेदारांना मोकळे रान मिळत होते, तोच हा काळ. बागुल हे अशाच ठाणेदारांपैकी असावेत आणि किल्ला त्यांना आयता मिळाला असावा, हेच जास्त संभवते. त्यांनी मुल्हेर निर्माण केला नाही. त्यांनी ठाण्याची राजधानी केली, आणि हे कामही लहान नव्हते.

राजधानी म्हणून मुल्हेर भरात होता तो सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १६३८ पर्यंत. ‘ऐन-ए-अकबरी’त बागलाणच्या सात किल्ल्यांचा उल्लेख आहे आणि त्यांत मुल्हेर व साल्हेर हे विशेष बळकट म्हटले आहेत. अकबराने गुजरात घेतल्यावर १५७३ मध्ये बहर्जीने सुरतेच्या मुक्कामी जाऊन त्याला बंडखोर मिर्झा शरफुद्दीन हुसेन स्वाधीन केला. मानदेवापासून चालत आलेली रीतच ही: आसऱ्याला आलेल्याची किंमत ओळखायची. याच काळात मुल्हेरच्या टांकसाळीत महमुदी नावाचे चांदीचे नाणे पडू लागले. गुजरातच्या सुलतानांचे हे लोकप्रिय नाणे सुरतेच्या व्यापारात रुजलेले होते. बागलाणच्या राजाने ते अकबराच्या नावाने पाडले आणि व्यापाऱ्यांनी ते बिनतक्रार घेतले.

इंग्रज व्यापारी विल्यम फिंच १६१० च्या सुमारास सुरतेहून बऱ्हाणपुराकडे गेला. त्याने लिहून ठेवलेले वर्णन मुल्हेरच्या जिवंत काळाचे सर्वांत जवळून घेतलेले चित्र आहे. साल्हेर आणि मुल्हेर ही दोन चांगली शहरे असून तिथे महमुदी पाडतात, प्रत्येकावर प्रचंड किल्ला आहे, वर जाण्याची वाट दोन माणसे शेजारी-शेजारी चालतील किंवा फार तर एक हत्ती जाईल एवढीच रुंद आहे, आणि वाटेवर डोंगरात ऐंशी लहान चौक्या आहेत, असे तो सांगतो. या ऐंशी चौक्या म्हणजे मेटी. किल्ल्याच्या अंगाखांद्यावर, वाट जिथे वळते किंवा अरुंद होते तिथे पाच-दहा माणसांचे मेट बसवण्याची पद्धत सह्याद्रीत सर्वत्र होती. शत्रूला तटापर्यंत पोचण्याआधीच दम लागावा, हा त्यामागचा हेतू. डोंगरमाथ्यावर गवत आणि धान्य मुबलक असून झरे वाहतात, असेही फिंच म्हणतो. अकबराने सात वर्षे वेढा घालूनही किल्ला पडला नाही, ही त्याची गोष्ट मात्र वाटेत ऐकलेली आहे आणि ती तशीच घ्यावी.

जहांगीरने आत्मचरित्रात या मुलखाला थोडी जागा दिली आहे. साल्हेर आणि मुल्हेर हे दोन मजबूत किल्ले, त्यांतला मुल्हेर भर वस्तीत असल्याने राजा तिथे राहतो, असे तो लिहितो. साल्हेर उंच आणि अभेद्य. मुल्हेर त्यामानाने कमी उंच, पण खोऱ्याच्या गावांना लागून. राजाने वास्तव्याला मुल्हेर निवडला तो वसूल जवळ असावा म्हणून, हे बादशहाच्या एका वाक्यात आले आहे. बागलाणचे आंबे मोठे आणि गोड असून कैरीपासून शेवटपर्यंत नऊ महिने मिळतात, हेही त्याने नोंदवले आहे. द्राक्षे मात्र त्याला फारशी पसंत पडली नाहीत. आजच्या बागलाणातल्या द्राक्षबागायतदारांनी हा अभिप्राय मनावर घेऊ नये.

माचीवरचे अवशेष बहुतांश याच वैभवाच्या काळाशी जुळतात. गावातून चढून दरवाजांची माळ ओलांडली की गणेशाचे देऊळ आणि त्यापुढचे तळे लागते. तिथून वाटा फुटतात. एकीकडे सोमेश्वराचे देऊळ आणि राजवाड्याचे अवशेष, जवळच मोती तलाव. दुसरी वाट बालेकिल्ल्याकडे चढते. वर टाकी, पडलेल्या इमारतींची जोती आणि भडंगनाथाचे ठाणे आहे. बालेकिल्ल्याच्या एका अंगाला मोरागडाकडे जाणारी खिंड आहे. विभागणी स्पष्ट दिसते: राहणे, दरबार, देव आणि बाजार माचीवर, शेवटचा निकराचा आसरा वर. देवळे राजवाड्याहून चांगल्या स्थितीत राहिली, कारण राजाबरोबर राजवाड्याचा वापर संपला आणि देवळांचा संपला नाही.

बागुलांचा शेवट १६३८ च्या आरंभी झाला. दख्खनचा सुभेदार असलेल्या औरंगजेबाने मालोजी दखनी आणि महंमद ताहीर यांना मुल्हेरवर पाठवले. माची पडल्यावर बहर्जी बालेकिल्ल्यावर गेला, पण रसद तुटली होती. त्याने आपल्या आईला आणि वकिलाला किल्ल्यांच्या किल्ल्या देऊन औरंगजेबाकडे पाठवले आणि मोगली चाकरीची तयारी दाखवली. त्याला तीन हजारी मनसब आणि निर्वाहासाठी सुलतानपूरचा परगणा मिळाला. लाहोरीच्या नोंदीप्रमाणे ३४ परगणे आणि १,००१ गावांचे राज्य एका वेढ्यात मोगलाईत गेले. मुल्हेरला औरंगगड आणि साल्हेरला सुलतानगड ही नावे देण्यात आली. लोकांनी ती वापरली नाहीत. महंमद ताहीरचे नाव मात्र टिकले: खोऱ्यातले ताहाराबाद त्याच्याच नावाने वसले, असे मानले जाते.

पुढच्या पावणेदोनशे वर्षांत किल्ल्याचे धनी बदलत राहिले, पण त्याचे महत्त्व साल्हेरच्या सावलीतले होते. शिवाजी महाराजांच्या फौजेने १६७१ च्या आरंभी साल्हेर घेतला. तो सोडवायला आलेल्या मोगलांचा मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी फेब्रुवारी १६७२ मध्ये उघड्या मैदानावर पराभव केला, आणि त्या लाटेत मुल्हेरही स्वराज्यात आला. तो फार काळ राहिला नाही. १६८० नंतरच्या दशकात मुल्हेरचा मोगल किल्लेदार नेकनामखान होता आणि त्यानेच वाटाघाटी करून १६८७ मध्ये साल्हेर परत मिळवला. तिसरा बदल १७५२ च्या भालकीच्या तहाने झाला: निजामाने बागलाणचा मुलूख पेशव्यांना दिला. फत्तेलष्कर, रामप्रसाद, शिवप्रसाद ही किल्ल्यावरच्या तोफांची नावे जुन्या नोंदींतून आढळतात. नारो शंकर राजेबहाद्दरांनी बांधलेला मालेगावचा भुईकोट इंग्रजांनी १८१८ च्या जूनमध्ये कडव्या वेढ्यानंतर घेतला. त्यानंतर महिन्याभरातच, जुलैमध्ये, पेशव्यांच्या बाजूने मुल्हेर सांभाळणाऱ्या रामचंद्र जनार्दन फडणीस यांनी तो लढाईशिवाय खाली केला. खोऱ्याच्या तोंडचा किल्ला पडल्यावर वरच्याने लढण्यात अर्थ उरला नव्हता.

किल्ल्याची पडझड तोफांनी केली, असे समजण्याचे कारण नाही. १६३८ चा वेढा उपासमारीने संपला, १८१८ मध्ये गोळी झाडली गेली नाही. किल्ला मोडला तो शिबंदी उठल्यामुळे. माणसे गेली की आधी छपराचे लाकूड खाली जाते. त्याला गावात गिऱ्हाईक असते. छप्पर गेल्यावर पावसाचे पाणी भिंतीच्या पोटात शिरते, चुना धुऊन निघतो, फटीत पिंपळ-उंबर रुजतात आणि त्यांची मुळे चिरे बाहेर ढकलतात. मुल्हेरच्या राजवाड्यात हा सगळा क्रम भिंतीभिंतीवर वाचता येतो: जोते शाबूत, त्यावर पुरुषभर चिरेबंदी, तिच्यावर सुटलेला भराव आणि झाड. टाक्यांना मात्र छप्परही नव्हते आणि चुनाही नव्हता, म्हणून किल्ल्याचा सर्वांत जुना भाग सर्वांत कमी बिघडला.

शिबंदी उठण्यामागे रस्त्याचे कारणही होते. सुरतेचा व्यापार मुंबईकडे सरकला, मुंबई-आग्रा रस्ता मालेगावावरून गेला आणि बागलाणच्या बाऱ्यांतली जकात आटली. ज्या वाहतुकीमुळे या डोंगरावर वस्ती राहिली होती ती खाली पूर्वेला सरकल्यावर मुल्हेर आडबाजूला पडला. गाव पायथ्याशी टिकले. उद्धव महाराजांची समाधी तिथे आहे आणि कोजागिरीला होणारा मुल्हेरचा रासक्रीडा उत्सव अजून भरतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले घेतले. त्यांत साल्हेर आहे, मुल्हेर नाही. यादी मराठ्यांच्या लष्करी वारशाची असल्याने ते समजण्यासारखे आहे, कारण मुल्हेरचे मोठेपण त्या आधीच्या बागुलांच्या काळातले.